आयपॉड जुन्या सेटला आणि गाडीच्या स्टिरिओला जोडताना: सेट बदलायच्या आधी वायर बघा

तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी परत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर सांगता येईल. वडिलांचा आयपॉड क्लासिक आहे, त्यात त्यांनी वर्षानुवर्षं जमवलेली नाट्यपदं, अभंग, जुन्या तबकड्यांवरून उतरवलेलं शास्त्रीय गाणं असं सगळं आहे. काकांनी गल्फमधून आणलेला स्टिरिओ सेट हॉलमध्ये आहे, त्याला तुम्ही घरात पडलेली पिवळी-लाल-पांढरी टोकं असलेली वायर लावली. आता सेटमधून सतत हम्म असा आवाज येतो, नवीन अभंगांत साथीची वाद्यं ऐकू येतात पण गायक विहिरीच्या तळाशी बसून गातोय असं वाटतं, आणि जुनी पदं तर जवळजवळ येतच नाहीत. गाडीच्या स्टिरिओला युएसबी आणि ऑक्स, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायचं भोक, दोन्ही आहेत; ऑक्सला लावलं की छान वाजतं पण चार्जर लावला की शिट्टी सुरू होते. दुकानात विचारलं तर सेट म्हातारा झाला, ब्लूटूथवाला नवीन घ्या म्हणाले. आणि चवथीला भजनाच्या ॲम्प्लिफायरला पण हाच आयपॉड लावायचा आहे.

मी म्हापशाला गाड्यांचे स्टिरिओ आणि जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो, त्यामुळे असे सेट रोज हातात येतात. तुमच्या सेटला मी हात लावलेला नाही, त्यामुळे त्याच्यात दुसरं काही बिघडलंच नसेल अशी खात्री इथे बसून देता येत नाही, पण तुम्ही जी लक्षणं लिहिलीत ती वाचून माझं मत असं की घरचा सेट ठीक आहे, आयपॉड पण ठीक आहे, आणि घरच्या तिन्ही तक्रारी त्या एका वायरीच्या आहेत. सेट विकू नका, भंगारात तर अजिबात देऊ नका.

मी हे कशावरून म्हणतो ते सांगतो. स्टिरिओ गाण्यात डावा आणि उजवा असे दोन आवाज असतात, आणि दोघांचा परतीचा रस्ता एकच असतो, त्याला ग्राउंड म्हणतात. साध्या ३.५ एमएमच्या पिनला तीन भाग असतात, टोक म्हणजे डावा, मधली कडी म्हणजे उजवा आणि मागचा लांब भाग म्हणजे ग्राउंड. आता हा ग्राउंडच जर कुठे तुटला किंवा जुळलाच नाही, तर डाव्याचा करंट परत जायला उजव्याची वायर धरतो आणि उजव्याचा डाव्याची, आणि मग स्पीकरला मिळतो तो दोघांमधला फक्त फरक. रेकॉर्डिंगमध्ये गायकाला बहुतेक वेळा मधोमध ठेवलेलं असतं, म्हणजे तो दोन्हीकडे सारखाच असतो, सारख्यातून सारखं वजा केलं की उरतं शून्य, म्हणून गायक गायब आणि बाजूला ठेवलेली वाद्यं आणि थोडा घुमारा तेवढा शिल्लक राहतो. तुमची जुनी पदं का येत नाहीत याचं उत्तर पण यातच आहे. दीनानाथ मंगेशकर, केसरबाई केरकर यांच्या काळातलं ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरचं ध्वनिमुद्रण सगळं मोनो, डावीकडे जे तेच उजवीकडे, त्यामुळे वजाबाकीत अख्खं गाणंच जातं, मागे फक्त तबकडीची खरखर राहते. खरखर दोन्हीकडे थोडी वेगळी असते म्हणून ती वाचते. तुम्ही नवीन आणि जुन्या गाण्यांचा वेगवेगळा अनुभव लिहिलात म्हणून मला हे ओळखता आलं, नुसतं आवाज नीट येत नाही एवढंच लिहिलं असतं तर मी पण दहा गोष्टी तपासायला सांगितल्या असत्या.

आणि हम्म आवाज पण त्याच कारणाने. ग्राउंड जुळलेला नसला की ती वायर घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झच्या लहरी अँटेनासारखी ओढून घेते.

आता ग्राउंड का जुळला नाही, तर ती पिवळी-लाल-पांढरी वायर आयपॉडच्या हेडफोनसाठी केलेलीच नाही. तिची पिन नीट बघा, काळ्या रेघा मोजा. दोन रेघा असल्या तर तीन भाग, तीन रेघा असल्या तर चार भाग. तुमच्या वायरीला तीन रेघा असणार, कारण चौथा भाग व्हिडिओसाठी असतो आणि ती वायर कॅमेऱ्याबरोबर किंवा टीव्हीबरोबर आलेली असते. या चार भागांत ग्राउंड कुठे ठेवायचा हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मनाने ठरवलंय, कोणाचा दुसऱ्या कडीवर, कोणाचा मागच्या भागावर. त्यामुळे एकाची वायर दुसऱ्याला लावली की असे प्रकार होतात. पिन खड्ड्यात बसते म्हणजे ती जुळली असं होत नाही.

म्हणून पहिलं काम, दोन रेघांची ३.५ एमएमची पिन एका बाजूला आणि लाल-पांढरी अशी दोनच आरसीए टोकं दुसऱ्या बाजूला, अशी साधी वायर घ्या. दीड मीटर पुरते, सेट लांब असेल तर तीन मीटर घेतली तरी आवाजात काही फरक पडत नाही. फार महागाची घेऊ नका, सोन्याचा मुलामा वगैरे दाखवून जास्त पैसे घेतात, त्याची गरज नाही, मी फक्त एवढंच बघतो की पिनच्या मागचं रबर जाड आहे का आणि आरसीएचं टोक घट्ट बसतं का. लाल म्हणजे उजवा, पांढरा म्हणजे डावा.

आता ती सेटच्या मागे कुठे लावायची. टॉर्च घेऊन मागचं पॅनल वाचा. ऑक्स, सीडी, टेप प्ले किंवा टेप इन, ट्यूनर यातलं कुठलंही रिकामं असेल तिथे लावा, सगळे सारखेच आहेत, नाव वेगळं असलं तरी आतली पातळी एकच. दोन ठिकाणी मात्र लावू नका. एक म्हणजे टेप रेक किंवा रेक आउट, तिथून आवाज बाहेर येतो, आत जात नाही, त्यामुळे काहीच वाजणार नाही. दुसरं आणि महत्त्वाचं म्हणजे फोनो. हे नाव वाचून लोकांना वाटतं फोनसाठी आहे, पण ते रेकॉर्ड प्लेयरसाठी आहे. तबकडीच्या सुईतून जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट येतात, म्हणून फोनोच्या मागे शंभरपट किंवा जास्त वाढवणारं सर्किट असतं, शिवाय तबकडी कापताना खर्ज कमी आणि तार जास्त केलेली असते ती परत सरळ करायला ते खर्ज उचलतं आणि वरचा आवाज दाबतं. तुमच्या आयपॉडमधून अर्ध्या ते एक व्होल्टाच्या आसपास आवाज येतो. तो फोनोत घातला की सगळं फाटकं, घुमणारं आणि कान फोडणारं ऐकू येतं, आणि माणूस म्हणतो सेट बिघडला. माझ्याकडे असे न बिघडलेले सेट दुरुस्तीला येत असतात.

गल्फचा सेट आहे म्हणून अजून एक सांगून ठेवतो. त्या काळात तिथून आणि बोटीवरच्या तारवट्यांनी आणलेल्या बऱ्याच सेटना मागे व्होल्टेज बदलायचं बटण असतं, ११०-१२७ आणि २२०-२४०. ते २२०-२४० वर आहे का एकदा बघा, आणि साफसफाई करताना पोरांच्या हाताने ते फिरणार नाही याची काळजी घ्या, चिकटपट्टी लावलीत तरी चालेल. सेट खूप वर्षं बंद होता आणि आता पहिल्यांदाच लावताय असं असेल तर आधी कोणा जाणत्याकडून आतून बघून घ्या.

मागे आरसीए नसून पाच टोचणींचा गोल सॉकेट असेल, जुन्या युरोपियन सेटना तो असायचा, तर त्याला डिन म्हणतात. त्यात २ नंबर ग्राउंड, ३ डावा आणि ५ उजवा असं बघून वायर करून मिळते, नंबर ओळीने नसतात त्यामुळे सॉकेटवर लिहिलेले आकडे वाचूनच जोडायला सांगा. आणि मागे काहीच इनपुट नसेल, सगळं एकाच डब्यातलं असेल, तर कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर मिळतो तो डेकमध्ये घालायचा. त्यासाठी डेक फिरत असला पाहिजे. आपल्याकडच्या दमट हवेत डेकचे रबरी पट्टे चिकट होऊन वितळतात, तसं झालं असेल तर पट्टा बदलावा लागेल. आवाज अडॅप्टरने बरा येतो, फार उत्तम नाही. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर मात्र स्वतःहून काही जोडू नका, त्यातल्या काहींना ट्रान्सफॉर्मर नसतो आणि आतल्या पत्र्यावर थेट विजेचा करंट असू शकतो, मग आयपॉड हातात धरणाऱ्यालाच शॉक. तिथे माणूस दाखवूनच काम करा.

आयपॉडच्या बाजूला तुम्हाला दोन वाटा आहेत. वरचा हेडफोनचा जॅक चालतो, पण क्लासिकच्या खाली ३० पिनांचं जे रुंद तोंड आहे त्यातून लाइन आउट मिळतं, म्हणजे आयपॉडचा व्हॉल्यूम आणि हेडफोनचा ॲम्प्लिफायर मध्ये न येता ठरावीक पातळीचा स्वच्छ आवाज. जुना डॉक कुठे मिळाला, ज्याच्या मागे ऑडिओचं भोक आहे असा, तर तो घ्या, हॉलमध्ये कायमचा ठेवायला त्याच्यासारखं काही नाही, चार्ज पण होतो. नुसत्या चार्जिंगच्या ३० पिन वायरीत ऑडिओच्या तारा नसतात, ती घेऊन उपयोग नाही. नंतरच्या आयफोनला २०१२ पासून लायटनिंग आलं, त्यात असं लाइन आउट मिळत नाही, डिजिटलच बाहेर येतं आणि अडॅप्टरच्या आत चिप असावी लागते, त्यामुळे कोणी तेच ते म्हणून गळ्यात मारलं तर घेऊ नका.

हेडफोनच्या जॅकवरूनच लावणार असाल तर आवाज कुठे किती ठेवायचा याकडे लक्ष द्या, कारण वायर बरोबर असूनही लोक इथे बिघडवतात. आयपॉडचा आवाज जवळजवळ वर ठेवायचा, साधारण ऐंशी-नव्वद टक्के, आणि कमी-जास्त सेटवर करायचं. आयपॉड हळू आणि सेट मोठा केला की सेटची सुरसुर पण मोठी होते, शिवाय मध्येच कोणी सिलेक्टर फिरवून रेडिओ लावला तर एकदम धाडकन आवाज येतो, स्पीकर फाटायची शक्यता. आयपॉडच्या सेटिंगमध्ये इक्यू, म्हणजे खर्ज-तार कमी-जास्त करायची सोय, बंद ठेवा, खर्ज वाढवणारी सेटिंगं मोठ्या आवाजात गाणं फाडतात. व्हॉल्यूम लिमिट पण बघा, वडिलांनी कानाला त्रास नको म्हणून लावून ठेवलेलं असू शकतं, मग कितीही फिरवा आवाज अर्ध्यावरच अडतो.

नवीन वायर लावूनही खरखर येत असेल किंवा एक बाजू जात-येत असेल तर सेटच्या मागचे सॉकेट काळे पडलेले असणार. गोव्यात हे सगळीकडे होतं पण समुद्राजवळच्या घरांत जास्त, मिरामार, कळंगुट, कोलवा इथून येणाऱ्या सेटचे सॉकेट मी आधी साफ करतो आणि मगच बाकी तपासतो, अर्ध्या वेळेला तेवढ्यानेच काम होतं. सेट बंद करून, प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर कापसाला लावून पुसा, मग टोक आत घालून गोल गोल फिरवा. सँडपेपर वापरू नका, वरचा मुलामा निघाला की पुढच्या पावसाळ्यात हिरवं बुरशीसारखं काम दुप्पट वेगाने होतं. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना करकर होत असेल तर त्यालाही आतून कॉन्टॅक्ट क्लीनर लागतो, ते मात्र उघडून करावं लागतं.

आणि वायर बदलल्यावर गायक परत आला पण थोडा हम्म उरला, तर एकेक गोष्ट काढून बघा. आयपॉडचा चार्जर काढा. गेला का? नाही गेला तर सेटला टीव्ही जोडलेला आहे का बघा, केबलची किंवा डिशची गोल वायर टीव्हीच्या मागून काढा. बरेचदा हम्म तिथून येतो, कारण त्या वायरीचा ग्राउंड एकीकडे आणि तुमच्या घरचं अर्थिंग दुसरीकडे, आणि मधल्या फरकाचा करंट ऑडिओच्या वायरीतून वाहतो. मे महिन्यात आणि पाऊस जाताना विजा कडाडतात तेव्हा तसंही ती वायर काढून ठेवलेली बरी. काही जण हम्म घालवायला तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. हे कृपा करून करू नका. आवाज जातो पण बिघाड झाला तर करंट जायला तुमचं अंगच राहतं. अर्थिंग कमजोर वाटत असेल तर वायरमनला बोलावून मोजून घ्या, आपली जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी पडते आणि जुन्या घरांच्या अर्थिंगच्या खड्ड्यात कोणी वर्षानुवर्षं पाणी घातलेलं नसतं.

आता गाडी. इथे वायर चांगली आहे, चार्जर लावल्यावरच शिट्टी येते, म्हणजे वर टीव्हीचं सांगितलं तसाच प्रकार. आयपॉड चार्जरमधून गाडीच्या ग्राउंडला एकदा जोडला जातो आणि ऑक्सच्या वायरीतून स्टिरिओमार्फत दुसऱ्यांदा, असा वळसा पूर्ण होतो आणि त्यात गाडीच्या विजेची सगळी गडबड शिरते. गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबून बघा. शिट्टी इंजिनाबरोबर वर-खाली होत असेल तर ती गाडीत वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरची, इंजिन बंद असतानाही एकसारखी चिर्र येत असेल तर चार्जरच स्वस्तातला आहे, तो बदलून बघा.

इलाज मी ज्या क्रमाने सांगतो तो असा. सगळ्यात आधी, घरून चार्ज करून न्या आणि गाडीत चार्जर लावूच नका, क्लासिकची बॅटरी चांगली असेल तर पणजी-सावंतवाडी-पणजी सहज होतं. बॅटरी दमलेली असेल तर पॉवर बँकवर चालवा, तिचा गाडीच्या ग्राउंडशी संबंध नाही त्यामुळे शिट्टी नाही, फक्त उन्हात बंद गाडीत ती ठेवून जाऊ नका. चार्जर हवाच असेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते, ऑक्सच्या वायरीत मध्ये लावायची, आत दोन बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पलीकडे जातो पण तांब्याची जोडणी तुटते. चांगल्यापैकी घ्या, अगदी स्वस्तातल्या डबीत ट्रान्सफॉर्मर एवढासा असतो आणि खर्ज पातळ होतो, पखवाज डफासारखा वाटायला लागतो. कोणी स्टिरिओची अख्खी वायरिंग बदलू म्हणालं तर थांबा, चार्जर काढल्यावर शिट्टी जाते एवढं पुरेसं आहे वायरिंग ठीक असल्याचं सांगायला.

एफएम ट्रान्समीटर, जो सिगरेट लायटरमध्ये घालून रेडिओवर ऐकतात, तो तुम्हाला लागणारच नाही कारण तुमच्याकडे ऑक्स आहे. ज्यांच्या गाडीत ऑक्स, युएसबी काही नाही त्यांच्यासाठी सांगतो, गोव्यात तो शहरांपेक्षा बरा चालतो कारण इथे स्टेशनं मोजकी, ९१.९, ९२.७, ९८.३, १०५.४ अशी, मध्ये जागा भरपूर, त्यांच्यापासून लांबची रिकामी जागा धरायची. पण चोर्ला घाट चढून बेळगावकडे गेलात की तिथली स्टेशनं वेगळी, मग परत शोधा. आवाज पण ऑक्सपेक्षा कमीच, वरची धार जाते.

गाडीसाठी माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय वेगळाच आहे. तुमच्या स्टिरिओला युएसबी आहे म्हणताय, तर गाणी पेन ड्राइव्हवर घ्या आणि आयपॉड घरीच राहू दे. मग वायर नाही, शिट्टी नाही, आणि वडिलांचा आयपॉड उन्हात डॅशबोर्डवर तापत नाही. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, जुने स्टिरिओ एनटीएफएस, एक्सफॅट बहुतेक वाचत नाहीत. गाणी एमपीथ्रीमध्ये ठेवा. फोल्डरची आणि गाण्यांची नावं रोमन अक्षरांत द्या, देवनागरी नाव स्क्रीनवर चौकोन चौकोन दिसतं. आणि बरेच स्टिरिओ नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, ज्या क्रमाने कॉपी केलं त्या क्रमाने वाजवतात, त्यामुळे नांदी शेवटी आणि भैरवी आधी असं नको असेल तर एकेक फोल्डर क्रमाने कॉपी करा.

पण ही गाणी फक्त आयपॉडमध्येच आहेत का, कॉम्प्युटरवर कुठे नाहीत? तुम्ही ते लिहिलेलं नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटतेय. क्लासिकच्या आत फिरणारी हार्ड डिस्क आहे, तो बनवणंच २०१४ मध्ये बंद झालं, म्हणजे तुमचा किमान तेवढा जुना. डिस्क कधीतरी जाणारच. सेट, वायर, स्पीकर सगळं परत मिळतं, वडिलांनी कोणाकोणाकडून मागून आणून भरलेली पदं परत मिळणार नाहीत. म्हणून बाकी काही करायच्या आधी याची कॉपी काढा.

कॉपी काढताना एक धोका आहे. अनोळखी कॉम्प्युटरला लावला की आयट्यून्स, म्हणजे आयपॉडमध्ये गाणी भरायचा ॲपलचा प्रोग्रॅम, विचारू शकतं, हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीचा आहे, पुसून नवीन सिंक करू का. त्याला नाही म्हणा. हो म्हटलंत की सगळं गेलं. माझा सल्ला, आयट्यून्स नसलेल्या विंडोज कॉम्प्युटरलाच लावा. आयपॉड विंडोजवर तयार केलेला असेल तर पेन ड्राइव्हसारखा दिसतो. दिसला नाही तर मेनू आणि मधलं बटण एकत्र दाबून धरा, सफरचंद आलं की लगेच सोडून मधलं आणि प्लेचं बटण दाबून धरा, डिस्क मोड सुरू होतो. फॉरमॅट करायचा का असं विंडोजने विचारलं तर तो मॅकवर भरलेला आहे, तिथेच थांबा, नाही म्हणा आणि मॅकवाल्याकडे न्या. दिसला की लपलेल्या फाइली दाखवायचं सेटिंग चालू करा, आयपॉड कंट्रोल नावाचा फोल्डर दिसेल, त्यात म्युझिक, तो अख्खा उचलून कॉम्प्युटरवर कॉपी करा. आत फाइलींची नावं चार अक्षरांची, काहीच्या काही असतील, घाबरू नका, गाण्याचं आणि गायकाचं नाव फाइलीच्या आत टॅगमध्ये लिहिलेलं असतं, टॅग वाचून नावं बदलणारे फुकट प्रोग्रॅम आहेत. अशा दोन कॉपी करा, एक घरी आणि एक बहिणीकडे किंवा आणखी कुठे.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात, क्लासिकमध्ये ब्लूटूथ नाहीच, म्हणून दुकानदाराने सांगितलेला सेट घेतलात तरी आयपॉड वायरीनेच लावावा लागला असता. पुढे मोबाइलवरून गाणी वाजवायची असतील तर आहे त्याच ॲम्प्लिफायरच्या ऑक्सला छोटा ब्लूटूथ रिसीव्हर लावा, नवीन सेट कशाला. हेडफोनचा जॅक नसलेला मोबाइल वायरीने लावायचा असेल तर सी टाइपचा अडॅप्टर घेताना आत डॅक, म्हणजे डिजिटलचा साधा आवाज करणारी चिप आहे का विचारा, बिनचिपचे काही मोबाइलवर चालतात आणि काहींवर मुकेच राहतात.

राहिला भजनाचा ॲम्प्लिफायर. देवळातले, मंडळांचे ॲम्प्लिफायर बहुतेक मोनो असतात, आणि तिथे तुम्हाला परत तोच गायक गायब व्हायचा प्रकार भेटू शकतो, म्हणून नीट वाचा. माइकचं इनपुट बॅलन्स्ड प्रकारचं असतं तेव्हा ते मुद्दाम एकातून दुसरं वजा करतं, माइकच्या लांब वायरीतला हम्म मारण्यासाठी ती सोय असते. त्यात स्टिरिओची जाड पिन घातली की डाव्यातून उजवा वजा, आणि अभंगातून बुवाच नाहीसे. शिवाय माइकच्या इनपुटला आयपॉडचा आवाज खूप मोठा पडतो. म्हणून ऑक्सलाच लावायचं. आणि डावा-उजवा एकत्र करायला दोन्ही वायरी सरळ पिळून जोडू नका, आयपॉडचे दोन्ही आउटपुट एकमेकांवर शॉर्ट होतात. प्रत्येकात १ किलोओहमचा एकेक रेझिस्टर घालून मग जोडायचे आणि ग्राउंड वेगळा, काही रुपयांचं काम आहे, कुठलाही रेडिओ दुरुस्त करणारा पिनच्या आतच बसवून देईल. घाईच्या वेळी काहीच मिळालं नाही तर फक्त डावा लावा, तुमची बरीचशी गाणी मोनोच आहेत, त्यांत काही कमी होणार नाही. मंडळातल्या कोणी मोबाइलवरून आरती लावणार असेल तर तो फ्लाइट मोडवर टाकायला सांगा, नाहीतर आरतीच्या मध्ये कोणाचातरी फोन वाजतो आणि तो अख्ख्या वाड्याला ऐकू जातो.

वायर आणून लावलीत की कळवा, आणि सेटच्या मागच्या पॅनलवर कुठे काय लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवून पाठवा, म्हणजे कुठल्या भोकात घालायची ते नेमकं सांगतो. पण त्याआधी ती कॉपी.